अपोफिस इतक्या जवळून जाणार, तर पृथ्वी त्याला ओढून का घेणार नाही?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर असूनही पृथ्वीला बांधलेला आहे, मग त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही जवळ येणाऱ्या दगडाला पृथ्वी ओढून का घेणार नाही? निदान दुसरा चंद्र करून का ठेवणार नाही? आणि गुरू ग्रह धूमकेतू स्वतःकडे खेचून आपलं रक्षण करतो, हे वाचलेलं वाक्य खरं का?

लहान खगोलांच्या कक्षा मोजण्याचं काम मी पंचवीसेक वर्षं केलं आहे. हे प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि दर वेळी मला बरं वाटतं, कारण तिन्ही एकाच मुळातून आले आहेत. ते मूळ म्हणजे ‘ओढणं’ हा शब्द. गुरुत्वाकर्षण ओढतं हे खरंच आहे. पण ओढलं म्हणजे हाती आलंच, असं होत नाही.

गावाकडचा एखादा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मध्ये ओढा लागतो, रस्ता फरशी पुलापर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे तेवढाच वर चढतो. तुम्ही सायकलवरून सपाटीला बऱ्यापैकी वेगात आलात, ब्रेक लावला नाही, पायडलही मारलं नाही. उतारावर वेग वाढेल, पुलावर सर्वांत जास्त असेल आणि चढावर तेवढाच कमी होत जाईल. घर्षण नाही असं धरलं तर पलीकडच्या सपाटीला तुम्ही मूळ वेगानेच पोचाल. उताराने दिलेला वेग चढाने परत घेतला. ओढ्यात अडकायचं असेल तर कुठेतरी ब्रेक दाबावा लागेल, आणि अवकाशात ब्रेक नाही.

अपोफिसचे आकडे बघा. पृथ्वीपासून बराच दूर असताना, तिच्या तुलनेत त्याचा वेग सेकंदाला साधारण ५.८ किलोमीटर आहे. जवळ येता येता तो वाढून ७.४ होईल, आणि दूर जाताना पुन्हा ५.८. त्याचा मार्ग लंबवर्तुळ नसून अपास्त असेल, म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेली वक्ररेषा. चंद्राची गोष्ट वेगळी. तो ओढ्याच्या आतच आहे, काठावर चढण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नाही. किती जवळ आला यावर बांधलं जाणं ठरत नाही, किती ऊर्जा घेऊन आला यावर ठरतं. अंतराची तुलना म्हणून इथे फसवी आहे.

आता ‘ओढून घेणं’ प्रत्यक्षात किती, तेही मोजता येतं. पृथ्वीला गुरुत्वाकर्षणच नसतं, तर अपोफिस सरळ रेषेत तिच्या केंद्रापासून सुमारे ४८ हजार किलोमीटरवरून गेला असता. गुरुत्वाकर्षणामुळे तो ३८ हजारांवरून जाईल. (३२ हजार हे पृष्ठभागापासूनचं अंतर, ३८ हजार केंद्रापासूनचं, दोन्ही आकडे वाचनात येतात आणि घोटाळा होतो.) म्हणजे ओढण्याचा सगळा हिशोब दहा हजार किलोमीटरचा. या वेगाच्या वस्तूसाठी पृथ्वीचं ‘लक्ष्य’ तिच्या खऱ्या त्रिज्येच्या सव्वादोन पटींहून थोडं कमी होतं. सरळ रेषेचा नेम केंद्रापासून साधारण पावणेचौदा हजार किलोमीटरच्या आत असेल तर वस्तू आदळते, बाहेर असेल तर निसटते. वस्तू जितकी हळू येईल तितकं हे लक्ष्य मोठं होतं, जितकी वेगाने येईल तितकं ते पृथ्वीच्या खऱ्या आकाराजवळ जातं. लोणारचं विवर ज्या दगडाने केलं, तो त्या लक्ष्याच्या आत नेम धरून आलेला होता. आर्गॉन पद्धतीने काढलेलं त्या विवराचं वय सुमारे ५.७ लाख वर्षं आहे, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आजही शाबूत आहे. अपोफिसचा नेम त्या लक्ष्याच्या साडेतीन पट बाहेर आहे.

मग पृथ्वी त्याला काहीच करणार नाही का? करणार, आणि खूप करणार. ती त्याची दिशा सुमारे २७ अंशांनी वळवेल. माझ्या मते हे संपूर्ण विषयाचं मर्म आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पृथ्वीच्या दृष्टीने आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा वेग सारखाच, फक्त दिशा बदलली. पण पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटरने धावते आहे. मुंबईची धावती लोकल घ्या. दुपारची, जरा मोकळी. डब्यात एक मुलगा आडवा, एका दारातून दुसऱ्या दाराकडे पळतो आहे. पळता पळता त्याने दाराजवळचा उभा दांडा धरला, दांड्याभोवती गिरकी घेतली आणि त्याच वेगाने इंजिनाच्या दिशेने निघाला. डब्यात बसलेल्यांना त्याचा वेग आधी होता तेवढाच दिसेल. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो वाढलेला दिसेल, कारण आता त्याचं पळणं गाडीच्या वेगात मिळवलं गेलं. उलट्या दिशेला गिरकी घेतली असती, तर फलाटावरून तोच वेग घटलेला दिसला असता. दांडा म्हणजे ग्रह, डबा म्हणजे ग्रहाबरोबर धावणारी चौकट आणि फलाट म्हणजे सूर्य. कक्षा ठरते ती फलाटावरून दिसणाऱ्या वेगावर.

अपोफिसच्या बाबतीत गिरकी पुढच्या बाजूला आहे. सूर्याच्या दृष्टीने त्याचा वेग पृथ्वीच्या कक्षेजवळ साधारण २८.४ वरून ३१ किलोमीटरपर्यंत जाईल. सूर्यापासूनचं त्याचं सरासरी अंतर ०.९२ खगोलीय एककावरून १.१० वर जाईल (एक एकक म्हणजे पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर). आज तो सूर्याभोवतीची फेरी ३२४ दिवसांत पूर्ण करतो. भेटीनंतर त्याला जवळपास १४ महिने लागतील. लघुग्रहांच्या वर्गीकरणात एटेन गटातला (फेरी वर्षाहून लहान) तो दगड एका रात्रीत अपोलो गटात (फेरी वर्षाहून मोठी) जाईल. ही ऊर्जा येते पृथ्वीच्याच खिशातून. अपोफिसचं वस्तुमान पाच-सहा कोटी टन धरलं, तर पृथ्वीचा वेग या व्यवहारात सेकंदाला एका अणूच्या साधारण पाव व्यासाइतका बदलेल. खिसा मोठा आहे.

उलट्या दिशेचं उदाहरणही घडलेलं आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी डुएन्डे नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून २७,७०० किलोमीटरवरून गेला. (त्याच दिवशी रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली; दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, मार्ग पूर्ण वेगळे होते.) डुएन्डेची फेरी ३६८ दिवसांची होती, ती ३१७ दिवसांची झाली. तो अपोलोतून एटेनमध्ये आला.

आणि वळण डोळ्यांत भरेल इतकं मोठं हवं असेल, तर १६ ऑगस्ट २०२० ची घटना बघा. २०२० क्यूजी नावाचा, मोटारीएवढा दगड दक्षिण हिंदी महासागरावर पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेला. त्याचा मार्ग सुमारे ४५ अंशांनी वळला. कॅलिफोर्नियातल्या झ्विकी दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमांमध्ये तो लांबट रेघेसारखा उमटला होता, आणि ती रेघ ओळखणाऱ्यांमध्ये आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. दगड जाऊन तोवर सहा तास झाले होते. मला ही गोष्ट सांगताना फार आनंद होतो. या मुलांनी समोरच्या शेकडो खोट्या रेघांमधून एक खरी रेघ वेचून काढली.

दुसरा प्रश्न चंद्र करून ठेवण्याचा. फक्त पृथ्वी आणि लघुग्रह असे दोघंच असतील तर ते अशक्य आहे. ओढ्याच्या हिशोबातून ते निघालंच. पण सूर्य हा तिसरा तिथे कायम असतो, आणि तिसऱ्यामुळे थोडी फट राहते. वस्तूची कक्षा जवळजवळ पृथ्वीसारखीच असेल आणि ती अगदी हळू, सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी वेगाने आली, तर सूर्याच्या ओढीमुळे तिचा वेग योग्य क्षणी इतका घटू शकतो की काही काळ ती पृथ्वीभोवती घुटमळते. २००६ आरएच१२० हा दोन-तीन मीटरचा दगड असा जवळपास वर्षभर, २००७ च्या मध्यापर्यंत, आपल्याभोवती फिरला आणि निघून गेला. २०२४ च्या शरदात ‘पृथ्वीला दुसरा चंद्र’ अशा बातम्या आल्या, तो २०२४ पीटी५ हा सुमारे दहा मीटरचा दगड. त्याची पृथ्वीसापेक्ष ऊर्जा २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर एवढाच काळ ऋण, म्हणजे बांधलं जाण्याइतकी कमी, होती आणि तेवढ्यात त्याने पृथ्वीभोवती एक फेरीही पूर्ण केली नाही. त्याला चंद्र म्हणणं मला पटत नाही. पण तो ज्या गटातला, त्याचं नाव आपल्या ओळखीचं आहे. पृथ्वीशी अगदी मिळत्याजुळत्या कक्षांच्या या लघुग्रहांना महाभारतातल्या अर्जुनावरून ‘अर्जुन’ म्हणतात. अपोफिस या गटात बसत नाही, सेकंदाला ५.८ किलोमीटर हा वेग या फटीतून शिरायला फार आहे.

आता गुरू. खरा नाट्यमय भाग इथून सुरू होतो, आणि त्याची पहिली कथा अडीचशे वर्षांपूर्वीची आहे.

१४ जून १७७० रोजी पॅरिसमध्ये शार्ल मेसिए यांना एक धूमकेतू दिसला. १ जुलैला तो पृथ्वीपासून सुमारे २२ लाख किलोमीटरवर होता, चंद्राच्या अंतराच्या सहा पट. नोंद असलेल्या इतिहासात इतक्या जवळून गेलेले धूमकेतू फारच थोडे. सेंट पीटर्सबर्गमधल्या अँडर्स लेक्सेल यांनी त्याची कक्षा काढली आणि उत्तर आलं ५.६ वर्षांचं. सगळे चकित झाले. इतका तेजस्वी धूमकेतू दर साडेपाच वर्षांनी येत असेल, तर आजवर कोणालाच कसा दिसला नाही? लेक्सेल यांनी हिशोब मागे नेला आणि कारण सापडलं: १७६७ मध्ये तो गुरूच्या जवळून गेला होता. त्याआधी त्याची कक्षा सूर्यापासून खूप दूर होती. गुरूने ती आत वळवली. पुढच्या फेरीला, १७७६ मध्ये, तो सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होता, म्हणून दिसला नाही. त्यानंतर १७७९ मध्ये तो पुन्हा गुरूच्या जवळ गेला, आणि गुरूने त्याला भिरकावून दिलं. आजतागायत तो पुन्हा सापडलेला नाही. हॅले आणि एन्के यांच्या धूमकेतूंप्रमाणे या धूमकेतूलाही शोधणाऱ्याचं नाव न मिळता कक्षा मोजणाऱ्याचं मिळालं. माझ्यासारख्या मोजणाऱ्यांना त्याचा अभिमान वाटतो.

या कथेला एक उपकथा आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी उलटा प्रश्न विचारला: धूमकेतू इतक्या जवळून गेला तर त्याने पृथ्वीला किती हलवलं? धूमकेतूचं वस्तुमान पृथ्वीएवढं असतं, तर आपलं वर्ष जवळपास पावणेतीन तासांनी लांबलं असतं. वर्षाच्या लांबीत मोजता येण्याजोगा फरकच पडला नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की धूमकेतूचं वस्तुमान पृथ्वीच्या १/५००० हूनही कमी असलं पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे की ते त्याहून कितीतरी कमी असतं. पण धूमकेतू म्हणजे ग्रहांएवढी अवजड वस्तू नव्हे, हे पहिल्यांदा मोजून सांगितलं गेलं ते या भेटीमुळे.

गुरू हे करू शकतो आणि पृथ्वी सहसा करू शकत नाही, याचं कारण दोन वेगांच्या तुलनेत आहे. गुरूच्या ढगांच्या माथ्यावरून सुटायला सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेग लागतो. गुरूच्या अंतरावर सूर्याच्या तावडीतून सुटायला लागतो साडेअठरा. म्हणजे तिथे दांडा मजबूत आहे आणि बाहेरचं दार सैल. एकाच भेटीत गुरू धूमकेतूला सूर्यमालेबाहेर घालवू शकतो. पृथ्वीचं उलट आहे: तिचा मुक्तिवेग ११.२ आणि तिच्या अंतरावर सूर्यापासून सुटायचा वेग ४२. त्यामुळे पृथ्वी, शुक्र, मंगळ हे लघुग्रहांना ढकलतात, एकमेकांच्या हाती देतात, पण एका झटक्यात घालवून देत नाहीत. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचं आयुष्य अशा धक्क्यांवर धक्के खाण्यात काही दशलक्ष वर्षं चालतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा शेवट ग्रहावर आदळून होत नाही, सूर्यात पडून होतो.

गुरूने आत आणलेला एक धूमकेतू तर आपण जवळून पाहिला आहे. ६७पी चुर्यूमोव-गेरासिमेन्को. १९५९ पूर्वी त्याचं सूर्याजवळचं टोक २.७ खगोलीय एककांवर होतं. तिथे बर्फ फारसा तापत नाही, शेपूट नाही, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरला नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये गुरूजवळून जाताना ते टोक १.३ एककांच्या आत आलं. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याचा शोध लागला, आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी रोझेटा यानाचा फिले लँडर त्याच्यावर उतरला. रोझेटाला तिथवर पोचवायला वापरलेली युक्तीही हीच होती: यानाने पृथ्वीच्या तीन आणि मंगळाची एक अशा चार दांड्यांभोवती गिरक्या घेतल्या होत्या. धूमकेतू आणि यान, दोघंही एकाच नियमाने एकमेकांपर्यंत पोचले.

आणि ओटेर्मा. माझा सर्वांत आवडता धूमकेतू. फिनलंडच्या लिसी ओटेर्मा यांना तो १९४३ मध्ये सापडला, तेव्हा त्याची फेरी जवळपास आठ वर्षांची होती आणि पूर्ण कक्षा गुरूच्या आत होती. हिशोब मागे नेला तर दिसलं की १९३७ पूर्वी तो गुरूच्या बाहेर फिरत होता, अठरा वर्षांच्या कक्षेत. १९३७ मध्ये गुरूने त्याला आत घेतलं, १९६३ मध्ये पुन्हा बाहेर काढलं, आणि आता त्याची फेरी एकोणीस-वीस वर्षांची आहे. दोन्ही वेळा तो गुरूजवळ इतका हळू आला की काही काळ त्याचा तात्पुरता उपग्रहच झाला होता. बाहेरून आत, आतून बाहेर, सव्वीस वर्षांत.

हे सगळे बदल होताना एक गोष्ट जवळजवळ अढळ राहते, आणि कक्षा मोजणाऱ्यांसाठी ती धूमकेतूच्या ओळखपत्रासारखी आहे. फ्रान्सच्या फेलिक्स तिसराँ यांनी १८८९ मध्ये ती मांडली. कक्षेचा आकार, चपटेपणा आणि कल या तिघांचा एक ठरावीक मेळ घातला की एक संख्या मिळते. भेटीपूर्वी आणि भेटीनंतर कक्षा ओळखू न येण्याइतकी बदलली, तरी ही संख्या फारशी हलत नाही. हरवलेला धूमकेतू नव्या कक्षेत सापडला तर तो जुनाच का, हे तपासायचा हा मार्ग. गणित उलगडून पाहिलं तर ती संख्या आपल्या ओढ्याच्याच गोष्टीचं दुसरं रूप आहे: गुरूच्या दृष्टीने आत येतानाचा वेग आणि बाहेर जातानाचा वेग सारखा. ६७पी साठी ती २.७५ च्या आसपास आहे. दोन ते तीनमध्ये असेल तर तो गुरूच्या हुकमतीतला धूमकेतू, तीनच्या वर असेल तर बहुधा लघुग्रह.

आता रक्षणाचा प्रश्न. या समजुतीला जुलै १९९४ मध्ये मोठं बळ मिळालं. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू मार्च १९९३ मध्ये सापडला तेव्हा तो सूर्याभोवती नाही, गुरूभोवती फिरत होता, आणि एकसंध नव्हता, मण्यांच्या माळेसारखा होता. जुलै १९९२ मध्ये गुरूच्या इतक्या जवळून गेला होता की गुरूकडच्या बाजूवर आणि पलीकडच्या बाजूवर पडणाऱ्या ओढीतल्या फरकानेच त्याचे तुकडे झाले. १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात ते वीसहून अधिक तुकडे सेकंदाला ६० किलोमीटरने गुरूवर आदळले. पावसाळा होता. आम्ही तिघंचौघं गच्चीवर सहा इंची दुर्बीण प्लास्टिकखाली झाकून रोज संध्याकाळी बसायचो. चौथ्या संध्याकाळी ढगांत दहा-बारा मिनिटांची फट पडली आणि गुरूच्या दक्षिण भागावर काळा डाग दिसला, गुरूच्या नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी गडद. सर्वांत मोठ्या डागांचा पसारा पृथ्वीएवढा होता. त्यानंतर वाढदिवस विसरलो असेन, तो डाग विसरलेलो नाही.

त्याच वर्षी जॉर्ज वेदरिल यांनी गणिताने दाखवलं होतं की गुरूसारखा ग्रह नसता तर दूरच्या धूमकेतूंचा मारा पृथ्वीवर हजार पटींनी वाढला असता. ‘गुरू आपली ढाल’ ही कल्पना तिथून पसरली. ती कल्पना दूरच्या, दीर्घ कालावधीच्या धूमकेतूंपुरती बऱ्याच अंशी टिकते. गुरू त्यांतल्या अनेकांना सूर्यमालेबाहेर घालवतो. पण २००८ पासून हॉर्नर आणि जोन्स या संशोधकांनी गुरूचं वस्तुमान कमी-जास्त करून मोठी गणितं चालवली, तेव्हा चित्र बदललं. लघुग्रह पट्ट्यातले आणि नेपच्यूनपलीकडून आत येणारे जे दगड-बर्फ आहेत, त्यांना पृथ्वीच्या वाटेवर आणण्याचं काम बरंचसं गुरूच करतो. पट्ट्यात सूर्यापासून २.५ एककांवर लघुग्रह जवळजवळ नाहीतच, कारण तिथली वस्तू गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या करते. त्या लयीत बसणाऱ्या धक्क्यांनी तिची कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी ती मंगळाच्या, मग पृथ्वीच्या वाटेत येते. डॅनियल कर्कवूड यांनी ही रिकामी जागा १८६६ मध्येच दाखवली होती. लेक्सेलचा धूमकेतू पृथ्वीपासून २२ लाख किलोमीटरवर आणला कोणी? गुरूने. मग घालवला कोणी? तोही गुरूनेच. म्हणून ‘रक्षण करतो’ हे वाक्य मी वर्गात वापरत नाही. गुरू सूर्यमालेतली वाहतूक हलवतो. ती कुठे वळेल याच्याशी पृथ्वीच्या भल्याबुऱ्याचा संबंध नाही.

भाकितांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अपोफिसच्या बातम्या वाचताना याची गरज पडेल. ग्रहाची जवळची भेट म्हणजे छोटी चूक मोठी करणारं यंत्र. हॅलेचा धूमकेतू परत येणार होता तेव्हा फ्रेंच गणिती क्लेरो यांनी ललांद आणि निकोल-रेन लेपोत यांच्यासोबत महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड केली आणि गुरू व शनीमुळे त्याला ६१८ दिवस उशीर होईल असं काढलं: ५१८ गुरूमुळे, १०० शनीमुळे. अंदाज होता एप्रिल १७५९ च्या मध्याचा. तो सूर्याजवळ पोचला १३ मार्चला. पाऊणशे वर्षांच्या प्रवासात महिन्याची चूक. मला ती आजही थक्क करते. त्यात गुरूची भेट दुरून होती. जवळून असती, तर हाताने ते झालं नसतं.

मी सुरुवातीच्या काळात हा धडा कष्टाने शिकलो. एका धूमकेतूच्या दोनशे प्रती, म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेएवढ्या किंचित वेगळ्या सुरुवातीच्या कक्षा, घेऊन मी त्या पुढे चालवत होतो, एकेका दिवसाच्या पायरीने. गुरूजवळ त्यांतल्या काही प्रती थेट सूर्यमालेबाहेर गेल्या. मी निष्कर्ष लिहायलाही घेतला होता. मग तिसराँची संख्या तपासली. ती भेटीच्या एकाच दिवसात उडी मारत होती. गुरूच्या ढगांजवळून सेकंदाला पन्नास-साठ किलोमीटरने जाणारी वस्तू दिवसात चाळीस-पन्नास लाख किलोमीटर कापते, आणि खरं वळण काही तासांतच होतं. माझी पायरी त्या वळणावरून उडी मारून जात होती. तेव्हापासून भेट आली की पायरी आपोआप लहान होईल अशीच पद्धत वापरतो, आणि अढळ राहायला हव्यात त्या संख्या राहिल्या का, हे पाहिल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवत नाही. तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर रिबाउंड नावाची मोफत संगणक प्रणाली आहे. तिच्यातला आयएएस१५ हा पर्याय पायरी स्वतः सांभाळतो. सुरुवातीचे आकडे नासाच्या हॉरायझन्स या ऑनलाइन सेवेतून घ्या, आणि पहिला प्रयोग ओटेर्मावर करा.

अपोफिसच्या बाबतीत हेच ‘कीहोल’ या नावाने गाजलं. १९ जून २००४ रोजी तो सापडला. डिसेंबरअखेर २०२९ मध्ये आदळण्याची शक्यता ३७ मध्ये १ इतकी काढली गेली. मग मार्च २००४ च्या जुन्या प्रतिमांमध्ये तो आढळला आणि ती शक्यता संपली. पण २०२९ च्या भेटीत त्याची फेरी नेमकी ७/६ वर्षांची झाली, तर त्याच्या सहा आणि पृथ्वीच्या सात फेऱ्यांनी, २०३६ मध्ये, दोघं पुन्हा त्याच ठिकाणी आले असते. त्यासाठी त्याला २०२९ मध्ये सुमारे ६०० मीटर रुंदीच्या एका पट्टीतून, म्हणजेच ‘कीहोल’मधून, जावं लागलं असतं. त्या ६०० मीटरमधून गेलेले मार्ग सात वर्षांनी आख्ख्या पृथ्वीच्या रुंदीत पसरले असते; चूक किती वाढते ते यावरून समजेल. तो पट्टीतून जाणार नाही हे २०१३ मध्ये पक्कं झालं. एक अडचण उरली होती: उन्हाने तापलेला दगड स्वतःभोवती फिरताना उष्णता एका बाजूला जास्त सोडतो आणि त्याची कक्षा हळूहळू सरकते, अपोफिसची वर्षाला दीड-दोनशे मीटर. त्यामुळे २०६८ ची शंका होती. मार्च २०२१ मधल्या रडार मोजमापांनी तीही गेली. पुढची शंभर वर्षं तो आदळणार नाही, हे आता ठामपणे सांगता येतं.

२०२९ च्या रात्री त्याच्या अंगावर काय होतं, याची मला जास्त उत्सुकता आहे. शूमेकर-लेव्हीला फोडणारी ओढीतली तफावत इथेही असेल, पण पुष्कळ कमी. दगड फुटणार नाही. त्याचं डळमळत फिरणं मात्र बदलेल, आणि उतारांवरचे काही दगडगोटे घसरतीलही. बेन्नू या लघुग्रहाचा नमुना पृथ्वीवर टाकून पुढे निघालेलं यान, आता ओसायरिस-अ‍ॅपेक्स या नावाने, भेटीनंतर त्याच्याजवळ जाऊन हे पाहणार आहे.

आपल्याकडे सर्वांत जवळचा क्षण १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनला येईल. तेव्हा तो अटलांटिकवर, म्हणजे आपल्या क्षितिजाखाली असेल, आणि डीटीएचच्या डिश ज्या उपग्रहांकडे वळलेल्या असतात त्यांच्याहूनही पृथ्वीच्या जवळ. तुमची वेळ त्याआधीची. १३ तारखेला रात्री तो हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे सरकत असेल. एप्रिलमध्ये आकाश मोकळं असतं. शहराच्या दिव्यांपासून लांब जा आणि बायनॉक्युलर न्या. एखाद्या ताऱ्याशेजारी त्याची जागा टिपून ठेवा आणि काही मिनिटांनी पुन्हा बघा. तो हललेला असेल.